बशीतले खडे

कोकबने घरच्या पत्तीची किटली पाणी उकळणाऱ्या समोवारावर चढवली आणि घड्याळात दहा मिनिटं मोजून मगच दुसऱ्या किटलीत पाणी ओतलं. दुसऱ्या किटलीत मुलाने, कामबीजने, रश्त शहरातून आणलेली सिलोनची पत्ती होती. ती लवकर रंग सोडते; इथल्या, लाहिजानच्या मळ्यातल्या पत्तीला वेळ लागतो. नुसत्या रंगावरून चहा ओळखता येऊ नये, ही कामबीजची अट होती.

दाराआडून बापलेकांचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाबा, अर्धा डोंगर बंगल्यांनी भरला. आपणच तेवढे झुडपं कवटाळून बसलोय."

"बसलोय तर बसलोय. तीस वर्षं कारखान्यात चव घेतली आहे मी. माझ्याच मळ्याचा चहा ज्या दिवशी ओळखता येणार नाही, त्या दिवशी करतो तुझ्या विक्रीच्या कागदावर सही."

"मग आजच ठरू दे."

"ठरू दे की. पेन उघडून ठेव, वाळेल ते!"

नवऱ्याचं, फरामर्जचं, नाक तीन वर्षांपूर्वीच्या तापात गेलं होतं. लसूण करपला तरी त्याला कळत नसे. हे फक्त कोकबला माहीत होतं. तरीही पाहुण्यांसमोर तो पेला हुंगून मळा सांगायचा, महिना सांगायचा, त्या वर्षी पाऊस किती झाला तेही सांगायचा; आणि त्याआधी त्याची नजर हळूच बशीवरून फिरायची. बशीत साखरेचे दोन खडे असले तर चहा घरचा, एक असला तर बाहेरचा. खूण त्यानेच ठरवली होती. त्याबद्दल दोघं नंतर कधी बोलली नव्हती.

तिने दोन पेले भरून खिडकीच्या उजेडात धरले. रंगात फरक नव्हता. घरचा चहा डावीकडे ठेवला, त्याच्या बशीत दोन खडे. उजवीकडे सिलोनचा, त्याच्या बशीत एक. तबक उचलून ती निघाली.

"आणि आईला काय हवंय, ते विचारलंत कधी?" कामबीज म्हणत होता.

"तिला काय विचारायचं? बायकांना पान खुडता येतं, चहा कळत नाही." फरामर्ज हसला. "पण खुडायची मात्र झपाट्याने! तुझ्या पाठच्या वेळी हिला तिथे चढणीवरच कळा सुरू झाल्या. म्हटलं, ओळ पुरी कर, पान कुणासाठी थांबत नाही. पुरी केली बघ!"

"आणि बाळ?"

"मुलगी होती. नाही राहिली. पण त्या दिवशीचं पान पहिल्या प्रतीत लागलं."

कोकब उंबऱ्यावर थांबली. तबक तिने एका हाताने पोटाशी टेकवलं. दुसऱ्या हाताची बोटं, पानांचा चीक मुरून कायमची काळी पडलेली, डाव्या बशीवर आली. त्यातला एक खडा उचलून तिने उजव्या बशीत ठेवला. मग ती आत गेली.

फरामर्जने डोळे मिटून दोन्ही पेले सावकाश हुंगले. डोळे उघडल्यावर त्याने बश्यांकडे पाहिलं. डावीकडच्या पेल्यातला एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"कसलं हे गवत! हे लोकांना प्यायला देतात?" त्याने उजवा पेला उचलला. "आणि हा. हा माझा. वसंतातला पहिला तोडा. आंधळासुद्धा सांगेल."

कामबीजने आईकडे पाहिलं.

"घरचा डावीकडचा," ती म्हणाली.

फरामर्जने बश्यांतले खडे पुन्हा पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं. खड्यांबद्दल बोलायचं तर आधी नाकाबद्दल बोलावं लागणार होतं, तेही मुलासमोर.

ती त्याच्याकडेच बघत होती.

"सही करा," ती म्हणाली. "चहा निवतोय."

कामबीजने कागद पुढे सरकवला. फरामर्ज पेन धरून बसला. पहिलं अक्षर दोनदा गिरवावं लागलं.

कोकबने डावा पेला आपल्याकडे ओढला, उरलेला खडा दातांत धरला आणि त्यावरून चहाचा घोट घेतला. किंचित तुरट होता, मागे गोडसर. चढणीवरचं पान.

"आणखी कुणाला हवाय?" तिने विचारलं.