काचेवरचं काळं

मायच्या मनगटावरचा टरारलेला फोड बघून नूतनचं डोकं जे सणकलं, ते हजिऱ्याच्या धक्क्यावर पोचलं तरी उतरेना. शाळेला सुट्टी, म्हणून ती आज मायसोबत बोटीवर आलेली. खाडीपलीकडे माणसं नेणाऱ्या या बोटीवर तिची माय उषाबाई आणि शकूमावशी नाश्त्याच्या पुऱ्या करायच्या. स्वयंपाकघर डेकखाली, बोटीच्या पोटात. उजेड यायचा तो वरून, डेकमध्ये बसवलेल्या जाड काचेतून. आणि त्या काचेवर कुणीतरी काळा रंग फासला होता! काल अंधारात मायचा हात कढईच्या कानावरच पडला.

"रंग कोणी मारला?" डेकवर येताच नूतनने विचारलं.

"मी," मुकादम हितेशभाई म्हणाला. "पॅसेंजरची पोरं वाकून बघतात, व्हिडिओ काढतात. तुमच्या भल्यासाठीच केलं, बेन. खाली बल्ब आहे ना."

"तो बल्ब? त्याच्यापेक्षा काजवा बरा! वाकून बघणार ते, आणि आंधळं व्हायचं आम्ही? त्यांच्या डोळ्यांना फासा ना काळं!"

बाकावर गाठिया खाणारी दोन पोरं खिदळली. झालं! गंज खरवडायची पत्री तिथेच पडली होती. नूतनने ती उचलली, गुडघे टेकले आणि रंगाचे पापुद्रे काढायला लागली.

"ए छोकरी! उद्यापासून तुझ्या आईला घरी बसवीन हां!"

पत्री थांबली. पांडेसऱ्यातल्या त्यांच्या खोलीचं भाडं मायच्या याच कामावर चालत होतं. नूतनचे डोळे रागाने भरून आले.

आरडाओरडा ऐकून उषाबाई वर आली. आता माय हात जोडणार, नूतनला वाटलं. मायने काचेकडे बघितलं, हितेशभाईकडे बघितलं आणि खाली वाकून हाक मारली, "शकू, पोळपाट आन वर. परात बी!"

"उषाबेन, हे काय?"

"काच साफ होईपर्यंत आम्ही इथेच लाटणार."

"आणि हे बघणारे?"

"तेस्ले मी देखी लिसू, बघून घेईन!" बाकावरच्या पोरांकडे रोखून बघत माय म्हणाली.

गाठियावाली पोरं उठून दुसऱ्या बाकावर गेली. शकूमावशीने वर आणलेल्या परातीतलं पीठ वाऱ्याने उडून हितेशभाईच्या काळ्या पँटवर बसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ भाई, नास्तो मळशे के नहीं?"

हितेशभाईने दातओठ खात रॉकेलचं डबडं आणि फडकं आणून नूतनपुढे आपटलं. "पत्रीने नको! काचेला ओरखडा पडला तर मालक मला फाडून खाईल."

"मग तुम्हीच पुसा," नूतन म्हणाली आणि फडकं त्याच्या बुटांकडे सरकवलं.