टोकावरच्या मुलीची पाळी

मी बाक बोलतोय. जरा घाईतच बोलतोय, कारण मला चैन पडत नाही. सुताराने मला दोघांसाठी बनवलं. आपल्या दोन्ही लेकींना माझ्यावर बसवून त्याने पाहिलं, कोपरं फळीवर नीट टेकतात ना, आणि मगच शाळेत पाठवलं. तेवढंच काय ते माझं सुख.

दुसरीच्या या वर्गात साठाच्या वर पोरं. माझ्यावर चार. चौघांची कोपरं एकदम मावेनात, म्हणून पोरांनीच पाळ्या लावल्या. आधी भिंतीकडची दोघं लिहिणार, मग तिसरा, शेवटी टोकावरची मुलगी. ती बिचारी अर्धी माझ्यावर, अर्धी हवेत. तिची पाळी येईस्तोवर बाई फळा पुसून मोकळ्या. माझा जीव नुसता खालीवर व्हायचा. कुरकुरलो तर पोरांना दटावणी, हलू नका म्हणून!

बाईंचा तरी काय दोष? एवढ्या गर्दीत कुणाकुणाकडे बघणार? तिची वही सदा कोरी, म्हणजे पोरीला लिहिताच येत नाही, असं त्यांनी धरलं. आईला बोलावून सांगितलं, हिला पुन्हा पहिलीत बसवू. मुलगी माझी कड नखाने खरवडत राहिली. ते अजून हुळहुळतं मला.

मग तापाची साथ आली. माझ्यावरची तिघं घरी. मुलगी मधोमध सरकली आणि अख्खा धडा झरझर उतरवून काढला. बाई वही बघतच राहिल्या.

"आधी का नाही लिहिलंस गं?"

"माझी पाळी येईपर्यंत तुम्ही पुसता."

तेव्हापासून बाई मुख्याध्यापकांच्या मागे लागल्या, वर्गाच्या दोन तुकड्या करा. खोली नाही, शिक्षक नाही, हेच उत्तर. काल त्यांनी सरांनाच वर्गात आणून टोकावर बसवलं, तिघा पोरांशेजारी, आणि फळ्यावरचं उतरवायला सांगितलं. सर एक पाय बाहेर रोवून पाळीची वाट बघत बसले. बाईंनी डस्टर उचललं.

"थांबा बाई, पुसू नका," सर म्हणाले. "माझं राहिलंय."

बाई म्हणाल्या, "हिचं वर्षभर राहिलंय, सर." आणि फळा पुसला.

आज अडगळीची खोली झाडल्याचा आवाज येतोय. मुलगी दुसरीतच राहणार, मध्ये बसणार. पण दुसऱ्या बाई कधी येणार, कुणीच सांगत नाही. लवकर करा हो. टोक काही रिकामं राहिलेलं नाही. आज तिथे दुसरा मुलगा बसलाय, आणि त्याची वही कोरी आहे.