तळ्यापर्यंत

माघ सरत आला होता. भंडाऱ्याकडच्या त्या विणकरांच्या गावावर ऊन उतरत होते ते पिवळे, पातळ, शिणलेले. कौलांवरून ओघळणारे, भिंतींना टेकत टेकत चालणारे. पळसांची पाने गळून गेली होती आणि फुले अजून यायची होती. गळणे आणि फुलणे यांच्या मधला तो रिता, निःशब्द, धूलिधूसर काळ.

त्या काळासारखेच रिते होऊन दामोदर सोनकुसरे आपल्या ओसरीवर बसून असत. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षे त्यांनी टसरचे रेशीम विणले. मधुवर्णी, मृद्गंधी, करवती किनारीचे. मग दृष्टी मंदावली आणि माग थांबला. मग पत्नी चंद्रकला गेली आणि घरातला उरलेला आवाजही थांबला. मुलगा नागपुरात. रविवारी त्याचा फोन येई, आणि दामोदर म्हणत, बरे आहे.

बरे नव्हते. पण रोगही कुठला नव्हता. डॉक्टरांनी छाती तपासली, गुडघे तपासले, आणि हे शरीर अजून बरीच वर्षे चालेल असे सांगितले. दामोदरांनी मात्र मनाशी ठरवून टाकले होते, की आपले संपले. आणि देह त्या निश्चयाला मुकाट वश होत गेला. आधी बाजार सुटला. मग पारावरची बैठक सुटली. मग भूक सुटली. शेवटी शेजाऱ्यांच्या हाकेला ओ देणेही सुटले. सूर्य आकाशात असताना मावळून बसलेला माणूस.

समोरच्या घरात सुभद्राबाई हेडाऊ राहत. त्यांचे यजमान आणि दामोदर एकेकाळी शेजारशेजारच्या मागांवर बसत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सुभद्राबाई दिवाळीत न्हाणीत पडल्या. मांडीचे हाड मोडले, पुढे जुळूनही आले. भय मात्र तसेच राहिले. डॉक्टर म्हणत, चाला. सून दिवसभर कामावर. एकटीने उंबरा ओलांडताना बाईंचा जीव थरथरे.

एका दुपारी काठी टेकत त्या दामोदरांच्या ओसरीशी आल्या. तळ्यापर्यंत सोबत चला, म्हणाल्या. दामोदरांनी सांगितले, की मीच आता पडायला झालो आहे.

"मंग दोघंबी पडू," सुभद्राबाई म्हणाल्या. "उचलाले कोनी ना कोनी येईनच."

नाही म्हणण्याचेही त्राण उरले नव्हते, म्हणून दामोदर उठले.

पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत. दुसऱ्या दिवशी कडुनिंबापर्यंत. मंद पावले, जड पावले, मध्ये काठीची टकटक. बोलणे फारसे नाही. दोन जीर्ण सावल्या धुळीतून एकमेकींच्या आधाराने सरकत राहत.

पाचव्या दिवशी गाव मागे पडले, आणि उजाड वाटेवर दामोदर एकाएकी खाली बसले.

"मी इथंच बसतो, बाई. तुमी जा."

त्या स्वरात राग नव्हता, दुःख नव्हते. नुसता शीण, हाडांच्या आतला, वर्षांच्या खालचा, अथांग शीण.

सुभद्राबाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग काठी बाजूला टाकून, ओठ आवळून, वेदनेची एकेक पायरी उतरत त्या त्यांच्याशेजारी धुळीत बसल्या. पडल्यापासून त्या जमिनीवर बसल्या नव्हत्या.

"आता मले एकटीनं उठता येत नाई, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमी उठवाल तवाच उठीन."

ऊन कलत गेले. दोघे बसून राहिले. मग केव्हातरी दामोदर बोलू लागले. गंजलेल्या, अडखळत्या आवाजात. चंद्रकला पहाटे अंगण झाडताना गुणगुणायची, ते सांगितले. तिचे नाव त्यांच्या ओठांवर वर्षभरात आले नव्हते. सुभद्राबाई ऐकत राहिल्या. त्यांनाही ते गुणगुणणे आठवत होते.

वारा गार झाला. बाईंचा पाय आखडू लागला, हे दामोदरांनी पाहिले. त्यांनी तळवे जमिनीवर रोवले. एकदा उठू गेले, बसले. पुन्हा उठू गेले, बसले. तिसऱ्या खेपेला गुडघे करकरले, श्वास फाटला, आणि ते उभे राहिले. वाकलेले, कापणारे, पण उभे. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. त्या हातांची कुणाला गरज पडून किती दिवस झाले होते!

तळे आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. शीण गेला नव्हता. तो दोघांच्याही खांद्यांवर तसाच होता, ओल्या घोंगडीसारखा. दामोदर काठावरच्या दगडावर टेकले.

"उद्या थोडं लवकर निघू," ते म्हणाले.

पाण्यात एक वठलेली बाभूळ उभी होती. तिच्यावर बगळे उतरत होते. थकलेले, शुभ्र, एकामागून एक. उशिरा आलेल्यासाठी आधीचा जरासा सरके, फांदी लवे, हेलकावे, स्थिर होई. आणि त्या निष्पर्ण झाडावर, अंधारत्या जळावर, हळूहळू, हळूहळू, पांढरे पांढरे काही भरून येत होते.