पट्ट्याची शीळ

गाडीची बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा पट्टा ढिला असला की पुलीवर घसरतो आणि शीळ घालतो. प्रतिक्षाने ती शीळ फोनवर मोजली. तीन हजार आठशे हर्ट्झ. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज थेट दातांत शिरत होता.

फियाटचं बॉनेट उघडं होतं. तिच्या वडिलांनी, आबांनी, चालू इंजिनवर तळहात ठेवून डोळे मिटले होते.

"कसं गार चाललंय बग," ते म्हणाले. "जुना डायनामो काडला ते बरं केलं. आता दिवे लावून करकंबापतूर जा, बॅटरी उतरत न्हाय."

समोरच्या घराच्या ओट्यावरून शेजारीण शिवबाई ओरडली, "हरिदासण्णा, मांजराची शेपटी आवळली का काय आत? सोमवारपासनं कान किटले की आमचे!"

"आज करते, मावशी," प्रतिक्षा म्हणाली.

आबांची दोघींकडे पाठ होती. त्यांना शिवबाईचंही ऐकू गेलं नाही आणि मुलीचंही.

गाडी आबांच्या कारखान्याच्या मालकांची. गोदामात सडत पडली होती. कारखाना बंद झाला त्या दिवशी मालकांनी ती आबांना देऊन टाकली. चार वर्षं आबांनी घराशेजारच्या शेडमध्ये तिचा एकेक भाग सुटा केला, घासला, पुन्हा जोडला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. येत्या रविवारी ती घेऊन ते करकंबला जाणार होते, थोरल्या बहिणीला, भीमाआक्काला आणायला. आक्का पुढच्या सीटवर बसणार, हेसुद्धा फोनवर ठरलं होतं.

आबा पस्तीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे काम. चाळीस माग एकदम चालू असताना कुठला अडखळतोय, ते दारातूनच सांगत. त्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळेच एकमेकांचे ओठ वाचतात. ती सवय घरीही आली. आई होती तोवर तीही हातातलं काम टाकून आबांच्या समोर येऊन बोलायची. त्यामुळे आबांचे कान कधी गेले, हे घरात कोणाला कळलंच नाही.

प्रतिक्षा ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. गोंगाटाने कान जातात तेव्हा आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचं जातं, मग हळूहळू त्याखालचं, माणसांच्या बोलण्यातलं. हा आलेख ती दरवर्षी फळ्यावर काढते. आबांचं मात्र तिच्या लक्षात दोन वर्षांपूर्वी आलं. डॉक्टरकडे चला म्हटल्यावर ते हसले होते. "माजा कान? कारखान्यातल्या कुणालाबी इचार जा." त्यानंतर एक वाक्य ती त्यांच्या पाठीमागे उभी राहून म्हणत आली होती, पुरेशा मोठ्या आवाजात. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

"जरा भायेर काडतो," आबा म्हणाले आणि त्यांनी बॉनेट टाकलं.

"थांबा, मी मागं बघते."

ते तोवर सीटवर बसले होते. त्यांनी स्टिअरिंगजवळचा दांडा ओढून रिव्हर्स टाकला. गाडी शेडमधून गल्लीत सरकू लागली. शिवबाई भरली बादली घेऊन नळावरून परत येत होती.

"अण्णा! ओ अण्णा! थांबा की!"

गाडी थांबली नाही. प्रतिक्षा पुढच्या बाजूला होती. ओरडण्यात अर्थ नव्हता. तिने दोन्ही तळहात बॉनेटवर आपटले.

ब्रेक लागला. आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ते हसत होते.

"बगितलंस? डिस्क! हाय तितं धरलं."

मग त्यांना गल्लीतून वाहत जाणारं पाणी दिसलं. मागच्या चाकाखाली बादली चेपली होती. शिवबाई लुगडं सावरत ओट्यावर चढली होती.

"आवाज द्यायचा न्हाय का, शिवबाई?"

"द्यायचा? तीन डाव वरडले! अख्ख्या भवानी पेठेला ऐकू गेलं, तुमालाच न्हाय! मला वर जायची एवडी घाई न्हाय, अण्णा."

आबांनी प्रतिक्षाकडे पाहिलं. "वरडली ही?"

"हो."

"तीन डाव?"

"हो, आबा."

त्यांनी इंजिन बंद केलं. शिवबाईने कानांतली बोटं काढली. ते आबांनी पाहिलं.

"कान का दाबले हुते तिनं?"

"पट्टा शीळ घालतोय. सोमवारपासून."

"आन तू सांगितलं न्हाईस."



ते उतरले, त्यांनी बॉनेट उघडलं आणि अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला. "इंचभर दबतोय. अर्दा पायजे." त्यांनी पान्हा घेतला. ती वळसा घालून त्यांच्या समोर, उजेडात येऊन उभी राहिली.

"आबा, रविवारचं..."

त्यांची नजर एकदा तिच्या ओठांवर आली आणि लगेच खाली गेली. ऐकणं टाळायला दुसऱ्या कोणाला कान झाकावे लागले असते. त्यांना फक्त मान खाली घालावी लागली. त्यांनी बोल्ट आवळला, पट्टा दाबला, बोल्ट सैल केला, पुन्हा आवळला. मग नीट बसलेला बोल्ट आणखी एकदा आवळला. या वेळी तिने ते वाक्य त्यांच्या झुकलेल्या डोक्याला ऐकवलं नाही. ती थांबली. शेडचा पत्रा उन्हाने तापून कडकडत होता. शिवबाई चेपलेली बादली उचलून आत निघून गेली. 

आबांनी पान्हा खाली ठेवला. फडक्याने एकेक बोट पुसलं, नखांच्या कडासुद्धा. मग मान वर केली, तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर तिथेच ठेवली.

"बोल," ते म्हणाले.

तिने घाई केली नाही. त्यांना एकेक शब्द दिसेल असं बोलली.

"आबा, आजपासून तुम्ही गाडी चालवायची नाही. कुठलीच."