वाडग्यातली वाइन

रविवारी दुपारी पप्पांनी तळघरातून ती बाटली स्वतःच्या हातानं वर आणली, तेव्हाच मला कळलं, आज जेवण घशाखाली उतरणार नाही. काचेवर खडूनं रेजिसचं नाव होतं.

"बूच पाझरायला लागलंय," ते म्हणाले. "उघड."

रेजिस माझा धाकटा भाऊ. लोत नदीकाठच्या आमच्या मळ्यात त्यानं एकदाच आपल्या मनानं वाइन केली. त्या वर्षी पप्पांचा पाय मोडला होता, म्हणून. एरवी ते आपल्या पिंपांना कुणाला हात लावू देतील तर शपथ. आमच्याकडे द्राक्षं देठांपासून सोडवून मगच आंबवायला टाकतात. रेजिसनं घडच्या घड देठांसकट टाकले. ती वाइन वर्षभरानंतरही इतकी तुरट होती की जीभ लाकडाची व्हायची.

"हिला वेळ द्या, पप्पा," तो म्हणाला होता. "वीस वर्षांनी पिऊन बघा."

"वीस वर्षांनी मी मातीत गेलेला असेन."

आणि तोडणी संपल्याच्या जेवणात, सगळ्या मजुरांसमोर, पप्पांनी तिचा भरलेला पेला उरलेल्या सूपात ओतला आणि वाडगा तोंडाला लावला. सूपाच्या तळाशी वाइन घालून पिण्याची रीत आमच्याकडे जुनीच, पण त्यासाठी रोजची हलकी वाइन घेतात. "ही एवढ्याच कामाची," ते म्हणाले. लोक हसले. रेजिस उठून बाहेर गेला.

त्या हिवाळ्यात तो घर सोडून दुसऱ्याच्या मळ्यावर कामाला लागला. पुढच्या तोडणीला तिथल्या टाकीत उतरला. आंबणाऱ्या रसाचा वायू तळाशी साचलेला होता. लोकांनी त्याला वर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. पप्पा दफनाला उभे राहिले, घरी आले, आणि त्यानंतर त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणून मी इतकी वर्षं त्यांच्यावर दात धरून होते.

मी गाळ न हलवता बाटली हळूच भांड्यात ओतून काढली आणि एक पेला भरून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पेल्यात नाक घातलं. घोट घेऊन तोंडात घोळवला. पुन्हा नाक घातलं. गेल्या वर्षीच्या तापात त्यांना वास येईनासा झाला, चवही गेली. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, पण घरात तो विषय निघत नसे.

"काही म्हणजे काही येत नाही गं," ते म्हणाले. "तू पी. आणि खरं सांग. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"ऐकवेल तुम्हाला?"

"त्यासाठीच वर आणली."

मी प्यायले. तो तुरटपणा कुठे गेला होता कुणास ठाऊक. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. खराब झालीय म्हटलं असतं, तर ते सुटले असते.

"पप्पा, आपल्या घरात अशी वाइन कधी झाली नाही. आजोबांची नाही. तुमची तर नाहीच."

"तुरट नाही?"

"नाही."

"वीस वर्षं म्हणाला होता."

"हो. झाली वीस."

मग त्यांनी सूपाचा वाडगा पुढे ओढला आणि पेला त्यावर तिरका केला. माझं डोकंच फिरलं. मी त्यांचं मनगट धरलं.

"आज तरी नका. एकदा त्याची शोभा केलीत तेवढी पुरे."

"सोड, मारीस," ते म्हणाले. "नुसती प्यायली तर मला पाणीच. गरम तेवढं कळतं आता. पोटात उतरताना तरी कळू दे, त्याची आहे म्हणून."

मी हात सोडला. दोन्ही हातांनी वाडगा उचलून ते पीत राहिले, आणि डोळ्यांचं पाणी हनुवटीवरून त्यातच गळत राहिलं. मग त्यांनी रिकामा वाडगा माझ्यापुढे धरला.

"अजून सूप घाल. आणि तू पीत राहा. कशी लागते ते मला सांग, सगळं सांग."

मी घोट घेतला आणि सांगायला लागले. पिकलेले काळे आलुबुखार, म्हटलं. भिजलेला पाचोळा, म्हटलं. देठांच्या चवीपाशी आले आणि मला पुढे बोलता येईना.