अभिग्रहाची अट

रविवारी दुपारचं सामायिक, जैनांचं दोन घटकांचं ध्यान, आटोपून रक्षाबाई आसनावरून उठल्या, तर मुलाने, श्रेणिकने, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. मुंबईहून जिनलताईचा ऑपेरा दाखवत होते. खाली त्यांच्या कापडाच्या दुकानात आलेल्या शेजारच्या सिंधुबाईही वर येऊन ऐसपैस बसल्या होत्या.

रक्षाबाई जरा बाजूलाच टेकल्या. लेक स्टेजवर गायला लागली, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून त्यांचं दूध-तूप बंद होतं. जिनल स्वतःच्या तोंडाने ‘गाणं सोडलं’ म्हणेल तेव्हाच दूध घेईन, असा अभिग्रह त्यांनी घेतला होता. अभिग्रहाची अट मनातच ठेवायची, पुरी होईपर्यंत कुणाला सांगायची नाही. घरातल्यांना वाटलं, पित्ताने सोडलं असेल; मुंबईतल्या जिनलला तर सोडल्याचंही ठाऊक नव्हतं.

गेल्या दिवाळीत जिनल चार दिवसांसाठी आली. आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरली, आईला आवडतो तसा दाट दुधाचा चहा केला आणि कप पुढे धरला. रक्षाबाईंनी तो सरकवला आणि माळ हातात घेतली.  जिनल त्या संध्याकाळच्याच गाडीने परत गेली. पुढे फोन यायचा तो भावाला.

श्रेणिक समजावून सांगत होता. कथा ग्रीक लोकांची, फार जुनी. पाताळाचा राजा धान्याच्या देवीची मुलगी पळवतो, रागाने देवी सगळी शेतं वाळवून टाकते. मुलगी तिथले डाळिंबाचे दाणे खाते, म्हणून तिला परत जावं लागतं. या मंडळींनी मात्र ती बदलली होती. इथे मुलगी आपणहून गेली होती. पाताळ म्हणजे भुयारी रेल्वेचं स्टेशन, आणि देवी बसली होती विझल्या शेगडीपाशी.

मुलगी झालेली जिनल पायऱ्या चढून वर आली, डाळिंबाच्या दाण्यांनी भरलेली ओंजळ आईपुढे धरून गाऊ लागली. रक्षाबाईंना त्यातला एक शब्द कळेना. देवीने मान फिरवली. मुलगी थांबली, बराच वेळ थांबली. मग दाणे तिने स्वतःच खाल्ले आणि पायऱ्या उतरून गेली.

“पोर इतली लांबथीन उनी, अन् माय तोंड फिराई लेस? काय माय शे ही!” सिंधुबाई म्हणाल्या.

रक्षाबाईंना वर बघवेना. व्रत करायचं ते आपली कर्मं झिजावीत म्हणून. आपण केलं ते पोरीला वाकवायला.

खेळ संपल्यावर तासाभराने त्यांनी स्वतः फोन लावला. अट उघड केली की अभिग्रह मोडतो, महाराजसाहेबांकडे प्रायश्चित्त घ्यावं लागतं, हे ठाऊक असूनही सगळं सांगून टाकलं.

 जिनल हळूच म्हणाली, “मला वाटलं, स्टेजवर गाणाऱ्या मुलीच्या हातचं तुला चालत नाही.”

“तसं नव्हतं गं बेटा.”

“एकदा सांगायचं तरी, मम्मी.”

“आता ये. काही सोडू नकोस, आहेस तशी ये.”

“उद्या आम्ही सगळे कलाकार परदेशी निघतोय. दोन वर्षांचा करार आहे. सही करावी की नाही, हेच तुला विचारायला आले होते दिवाळीत. परत आल्यावर करून टाकली.”

विमान किती वाजता आहे, एवढंच रक्षाबाईंना विचारता आलं.