नाव घातलेला डबा

शालनबाईंचं आणि पाकिटांचं कधी जमलंच नाही. नवरा गेल्यावर त्या उल्हासनगरच्या कॅम्प पाचची खोली सोडून सोनिवलीला, मुलाच्या नव्या फ्लॅटवर राहायला आल्या. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि बघतच राहिल्या. तूरडाळ पाकिटात, पोहे पाकिटात, पीठ पाकिटात. अहो, आलं-लसणाचं वाटणसुद्धा पाकिटात. आता ह्याला काय म्हणायचं? दोन हात धडधाकट असलेल्या बाईने आलं-लसूण विकत आणायचं, तेही दुसऱ्याने वाटलेलं.

स्वतः शालनबाईंनी छत्तीस वर्षं उल्हासनगरात संसार केला होता. सिंधी शेठच्या दुकानात पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, गव्हाचा दाणा दाताखाली फोडायचा, आणि मगच धान्य उचलायचं. शेठ वैतागायचा. "बाई, खा खा के बोरी यहीं खतम करोगी क्या," म्हणायचा, आणि तरी चांगला माल त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. सून प्रीती मात्र महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलापूरच्या त्या काचेच्या मोठ्या दुकानात जायची, ढकलगाडी घेऊन गारेगार हवेत हिंडायची आणि पाकिटावरची तारीख वाचायची. दाणा नाही, तारीख. शालनबाई एकदाच तिच्याबरोबर गेल्या. डाळीचं पाकीट टोकरून एक दाणा काढायला लागल्या, तर प्रीतीने त्यांचा हात हळूच धरून खाली केला. पुन्हा त्या गेल्या नाहीत.

भांड्यांचंही तेच. प्रीतीच्या घरात सगळ्या फुलाफुलांच्या प्लेटा, एकावर नाव म्हणून नाही. शालनबाईंकडे असं बिननावाचं भांडं औषधालासुद्धा सापडलं नसतं. भांडं घेतलं की दुकानाच्या दाराशी मशीन घेऊन बसलेल्या माणसासमोर ते धरायचं, नाव घालून घ्यायचं आणि मगच पिशवीत टाकायचं. का, तर भांडं हे फिरण्यासाठी असतं. आज इकडची आमटी तिकडे, उद्या तिकडचं कालवण इकडे. नाव असलं की भांडं घरी येतं. आणि येतं ते रिकामं येत नाही. काही नाही तर चिमूटभर साखर घालून द्यायची, पण रिकामं नाही. एवढं साधं होतं सगळं.

ह्या बिल्डिंगमध्ये चार महिन्यांत ना एक वाटी गेली होती, ना आली होती.

आणि समोरचं दार तर चोवीस तास उघडं. तिथे सुहासिनी राहायची, हसतमुख बाई, तिची मानसी सात वर्षांची. शालनबाईंची नात स्वप्नालीही सातच वर्षांची. मे महिन्याची सुट्टी लागली तशा दोघी पोरी सकाळी एकत्र यायच्या त्या जेवायला हाक मारेपर्यंत. स्वप्नाली त्या घरी चकल्या खायची, सरबत प्यायची. ह्या आधी अंबरनाथला भाड्याच्या घरात पोर एकटी एकटी असायची, कुणाशी बोलायची नाही, नखं कुरतडायची. आता कशी खुलली होती. शालनबाईंना बघून बरं वाटायचं आणि लाजही वाटायची. आपल्या पोरीला दुसरी बाई रोज खाऊ घालते आणि आपण काय देतो, तर सणाला दुकानातला मिठाईचा सीलबंद खोका, वाढदिवसाला सीलबंद चॉकलेटं. प्रीतीने सांगूनच ठेवलं होतं, "आई, समोर काही द्यायचं असेल तर मला सांगा, मी आणीन."

"घरात केलेलं दिलं तर काय बिघडतं?"

"असू द्या ना आई. आणीन मी."

आळस, दुसरं काय, असं शालनबाई मनात म्हणायच्या. दारावरच्या पाटीवर नुसतं 'महेंद्र – प्रीती', आडनावाचा पत्ता नाही, तीही त्यांना फॅशनच वाटली होती. बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो हॉलमध्ये न लावता आतल्या खोलीत का, असं विचारलं, तेव्हा प्रीती म्हणाली की हॉलमध्ये ऊन येतं, फोटोंचा रंग उडतो. ऊन येत होतं हे खरं. शालनबाईंनी तेही मान्य केलं.

बुद्ध पौर्णिमेला महेंद्रची एमआयडीसीत सकाळची पाळी होती आणि प्रीतीला ऑफिस. घरात आजी आणि नात. शालनबाईंनी पहाटे उठून पांढरं लुगडं नेसलं, आतल्या खोलीत मेणबत्ती लावली, वंदना घेतली आणि खीर करायला घेतली. कॅम्पातून आणलेला शेवटचा किलोभर तांदूळ त्यांनी ह्याच दिवसासाठी राखला होता. दूध पिशवीतलं, ते एक त्यांनी चालवून घेतलं. खीर अशी झाली की स्वप्नालीने वाटी बोटाने पुसून खाल्ली.

मग शालनबाईंनी आपला कडीचा स्टीलचा डबा काढला. दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षेला पन्नास वर्षं झाली तेव्हा मंडळाने सगळ्या बायांना एकेक डबा दिला होता. झाकणावर ठसठशीत अक्षरांत कोरलेलं, 'शालन रामभाऊ अहिरे, रमाई महिला मंडळ, कॅम्प ५'. त्या दिवशी रामभाऊ जिवंत होते, डबा उन्हात धरून त्यांनी दोनदा वाचला होता. घरातलं हे सगळ्यात मानाचं भांडं. शालनबाईंनी ते भरलं, पदराने पुसलं आणि समोर गेल्या.

सुहासिनीने दोन्ही हातांनी डबा घेतला. "अय्या आजी, आज काय विशेष?"

"बुद्ध पौर्णिमा ना आज. खीर आहे. गरम आहे तोवर खा."

सुहासिनीने झाकणाकडे बघितलं. वाचलं. मग म्हणाली, "हो का." आणि थोड्या वेळाने, "डबा देते हं नंतर."

"घाई नाही गं," शालनबाई म्हणाल्या, आणि दार ओढून घेता घेता त्यांना इतकं हलकं वाटलं की काय सांगावं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्या ह्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी समोरचं दार बंद होतं. ऊन फार आहे, लावून घेतलं असेल. डबा आला नाही. तिसऱ्या दिवशीही आला नाही, आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण शालनबाई खूश होत्या. त्यांचा हिशेब साधा होता. रिकामा द्यायचा असता तर त्याच संध्याकाळी दिला असता. उशीर होतोय त्या अर्थी बाई काहीतरी करून पाठवणार. पुरणपोळी असेल, नाही तर उन्हाळ्याचं पन्हं. कॅम्पात भागीरथीने एकदा त्यांचं पातेलं आठ दिवस ठेवून घेतलं होतं आणि भरून अनारसे पाठवले होते. शालनबाई दोन्ही दुपारी झोपल्यासुद्धा नाहीत, बेल वाजली आणि ऐकू आली नाही असं नको व्हायला.

बेल वाजली नाही. स्वप्नाली मात्र समोरची बेल वाजवत होती. पहिल्यांदा आतून आवाज आला, मानसी झोपलीय. नंतर, मानसी मामाकडे गेलीय. आणि संध्याकाळी मामाकडे गेलेली मानसी खिडकीतून खाली भाजीवाल्याकडे बघताना दिसली. स्वप्नालीने हाक मारली तर आत पळाली.

प्रीती ऑफिसातून आली तेव्हा पोर कोपऱ्यात बसून नखं कुरतडत होती. प्रीतीने पर्स न काढताच ते बघितलं. मग सासूकडे वळली.

"आई, तुम्ही समोर काही दिलंत का?"

"दिली ना. पौर्णिमेची खीर दिली."

"कशात दिली?"

शालनबाईंना प्रश्नच कळला नाही. खीर कशी झाली होती, आवडली का, असं विचारायचं सोडून ही भांडं विचारते. "माझ्या डब्यात."

"नाव घातलेल्या?"

"बिननावाचं भांडं आहे का माझ्याकडे?"

प्रीती तिथेच खुर्चीत बसली. ओरडली नाही, काही नाही. ओरडली असती तर शालनबाईंना सोपं गेलं असतं. तिने हळू आवाजात सांगितलं, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. अंबरनाथला भाड्याने राहत होतो तेव्हा मीही तुमच्यासारखीच शेजारच्या बाईकडे भाजी द्यायला जायचे. एकदा त्या बाईने आडनाव विचारलं. त्या दिवसापासून स्वप्नालीला त्यांच्याकडे पाणी बाहेर जिन्यात मिळायला लागलं, वेगळ्या प्लास्टिकच्या ग्लासात. पोर पाच वर्षांची. विचारायची, मम्मी माझा ग्लास वेगळा का.

"तेव्हापासून मी पाकिटं आणते आई. पाकीट कंपनीचं असतं. ते कुणाच्या घरचं नसतं. ते सगळे घेतात."

शालनबाई उसळल्या. "मग जन्मभर लपून राहायचं? तुझ्या सासऱ्यांनी कंपनीत छातीवर बाबासाहेबांचा बिल्ला लावून तीस वर्षं काढली. कुणाच्या बापाला भ्यायले नाहीत."

"आणि संध्याकाळी ते आपल्या गल्लीत परत यायचे आई. तुमची भांडी फिरली ती आपल्याच घरांतून फिरली."

"आमची सिंधीण शेजारीण कढी पाठवायची."

"ती एक होती," प्रीती म्हणाली. "आणि मला रोज ऑफिसला जायचंय. पोरगी दिवसभर ह्याच जिन्यात असते."

शालनबाईंना खूप बोलायचं होतं. पण आळशी म्हणून जिला चार महिने मनात नावं ठेवली, ती सून समोर बसली होती, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तरी मनाचा एक कोपरा म्हणत होता, डबा येईल. बाई तशी नाही. दोन्ही हातांनी घेतला होता तिने.

डबा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

कचरा न्यायला विठा यायची, मजल्यामजल्यावरचे डबे पोत्यात रिकामे करत. तिने बेल दाबली, पदराखालून डबा काढून पुढे केला आणि म्हणाली, "जय भीम, मावशी. तुमचाच ना? समोरच्या कचऱ्यात व्हता, खाली दाबून. मला वाटलं चुकून पडला. नाव वाचलं, रमाई मंडळ वाचलं, म्हटलं आपल्याच कुणाचा तरी असंल."

कडी लावलेलीच होती. पौर्णिमेला शालनबाईंनी लावली होती तशीच. त्यांनी ती उघडली आणि आंबलेल्या दुधाचा वास जिन्यात पसरला. खीर काठोकाठ होती. कुणी चमचासुद्धा घातला नव्हता. नाव होतं म्हणून भांडं घरी आलं, आणि आलं तेही रिकामं आलं नाही. शालनबाईंना रडू आलं नाही. त्यांनी कडी पुन्हा लावली.

"ये, चहा घे," त्या विठाला म्हणाल्या.

"नको मावशी, अजून दोन मजले हायेत." विठाने एकदा बंद दाराकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि पोतं उचलून वर गेली.

शालनबाईंनी डबा राखेने घासायचा म्हटलं, पण ह्या घरात राख कुठली. मग पाकिटातल्या पावडरीने घासला. तीन वेळा घासला. वास जाईना. चार दिवस उन्हात ठेवला तेव्हा गेला.

समोरचं दार पुढे कधी उघडलं नाही असं नाही, उघडायचं. सुहासिनी जिन्यात भेटली तर हसायचीसुद्धा, नजर शालनबाईंच्या खांद्यावर ठेवून. डब्याबद्दल ती कधी बोलली नाही, शालनबाईंनी विचारलं नाही. मानसीला शिकवणी लावली म्हणे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आदल्या दिवशी शालनबाईंनी रव्याचे लाडू वळले. काय होईल ते होवो, त्यांनी ठरवलं होतं. पोरीने आजीचा डबा न्यावा, आजोबांचं नाव असलेला, आणि ताठ मानेने उघडावा. प्रीतीने अडवलं नाही. सकाळी शालनबाईंनी डब्यात चार लाडू भरले, कडी लावली आणि ओट्यावर ठेवला.

स्वप्नाली गणवेशात आली. डबा हातात घेतला, झाकणावरची अक्षरं एकेक बोट ठेवून वाचली. नुकतीच वाचायला लागली होती नीट. शालनबाई कौतुकाने बघत राहिल्या.

वाचून झाल्यावर पोर आत गेली आणि बिस्किटाच्या पुड्यात फुकट मिळालेलं स्टिकर घेऊन आली. मोठं, गोल, हसणाऱ्या अस्वलाचं. मागचा कागद दातांनी सोडवला आणि झाकणावर, बरोबर नावावर, चिकटवलं. आजूबाजूला दिसणारी दोन अक्षरं अंगठ्याने चाचपली. ती झाकेनात म्हणून आणखी एक छोटं आणून तिथे लावलं.

"आता कुणाला नाही कळणार, आजी," ती म्हणाली. आवाजात भीती नव्हती. आजीचं एक काम करून दिल्यासारखी ती खूश होती. "आता मला सगळ्यांशी वाटून खाता येतील लाडू."

प्रीती दाराशी वेणीची रिबन हातात घेऊन उभी होती. तिने सासूकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

शालनबाईंनी हात पुढे केला. नख लावून एका झटक्यात ते स्टिकर उपटायचं होतं त्यांना. पोर वर बघत होती, आजी काय म्हणते म्हणून.

"छान दिसतंय," शालनबाई म्हणाल्या, आणि डबा तिच्या दप्तरात घालून दिला.